घरच्या घरी स्पार्क प्लग बदलणे आणि इंजिन साफ करणे (पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी)

कारचा स्पार्क प्लग (इंजिनमध्ये पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडतो तो) बदलणं म्हणजे काहीतरी भारी मेकॅनिकी काम आहे असं उगाच वाटतं लोकांना. खरं तर एक गोटी (पान्याचं सॉकेट), एक एक्स्टेन्शन (गोटी खोल पोचवायची दांडी), दहाचा पाना, थंड इंजिन आणि रविवारची मोकळी सकाळ एवढ्यात होतं. काम बिघडतं ते ताकद कमी पडली म्हणून नाही, घाई आणि घाण या दोन गोष्टींनी बिघडतं. म्हणजे प्लगभोवतीचा कचरा साफ न करता प्लग उघडला आणि कचरा सिलेंडरमध्ये गेला, किंवा नवा प्लग वाकडा लागलाय हे हाताला कळत असूनही पान्याने रेटून फिरवला आणि हेडचे (प्लग ज्यात बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागाचे) आटे गेले. म्हणून मी इथे साफसफाई आणि प्लग एकत्रच घेतोय, आणि क्रम पण मुद्दाम असा आहे: आधी कोरडी साफसफाई, मग प्लग, आणि पाण्याचं काम सगळ्यात शेवटी, जमलं तर दुसऱ्या दिवशी. बरेच जण नेमकं उलटं करतात, आधी धो धो पाणी मारून इंजिन चकाचक करतात आणि मग प्लग खोलायला बसतात, तेव्हा प्लगच्या खड्ड्यात पाण्याचं तळं झालेलं असतं.

तुमच्या गाडीत हे काम आहे का ते आधी बघा

डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो. तिथे डिझेल दाबानेच पेटतं, आणि जे ग्लो प्लग असतात ते थंडीत स्टार्टिंगला मदत करायला असतात, ते वेगळं प्रकरण. स्ट्राँग हायब्रिड (इंजिनसोबत मोठी बॅटरी आणि मोटरवरही चालणारी) गाडी असेल तर बोनेटखाली ज्या केशरी जाड वायरी दिसतात त्यात जीवघेणा करंट असतो, ती गाडी घरी उघडू नका. आणि वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरलाच करा, बिल जपून ठेवा.

राहिल्या साध्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्या. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये प्लग वरूनच बसवलेले असतात त्यामुळे सोपं जातं. वॅगनआर १.० ला तीन सिलेंडर म्हणजे तीन प्लग, स्विफ्टच्या १.२ के सिरीजला चार. नव्या गाड्यांमध्ये प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक एक काळी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारी) बसलेली असते, जुन्या मारुती ८०० किंवा सॅन्ट्रो सारख्या गाडीला जाड प्लग वायरी असतात. बोनेट उघडून दोन मिनिटं नुसतं बघत बसा, कॉइल किंवा वायरी दिसल्या आणि मध्ये काही अडथळा नसेल तर हे काम तुमचं आहे. वर इनटेकचा मोठा मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड) आडवा असेल, तो काढल्याशिवाय प्लग दिसतच नसेल, तर पहिल्यांदा शिकायला ही गाडी नको, मित्राची साधी गाडी घ्या.

प्लग कधी बदलायचे

याचं उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं, ते प्रमाण माना. साधारण अंदाज हवा असेल तर साधे निकेलचे प्लग २० ते ४० हजार किमीच्या आसपास संपतात, इरिडियमचे चांगले प्लग १ लाखाच्या जवळपास जातात. संपतात म्हणजे काय होतं, तर ठिणगी ज्या दोन टोकांमध्ये पडते ती टोकं झिजतात आणि मधलं अंतर, म्हणजे गॅप, वाढतं, अंतर वाढलं की ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, मग एक दिवस कॉइल पण जाते आणि २०० रुपयांच्या प्लगसाठी हजारोंची कॉइल बसते.

झीज इतकी का होते याचा हिशोब करून बघा, मजा वाटेल. फोर स्ट्रोक इंजिनमध्ये दोन फेऱ्यांना एक ठिणगी. ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) गाडी चालली तर एका प्लगला मिनिटाला १५०० ठिणग्या, तासाला ९० हजार. म्हणजे मुंबई-पुणे एक्सप्रेसवे या टोकापासून त्या टोकापर्यंत तासाभरात पार होईपर्यंत एकेका प्लगने ९० हजारच्या घरात ठिणग्या टाकलेल्या असतात, आणि ४० हजार किमी ताशी १०० च्या वेगाने धरले तर साडेतीन कोटींच्या वर. सिटीत तर किलोमीटर कमी आणि इंजिन चालू जास्त, हडपसरच्या सिग्नलला उभी गाडी पण ठिणग्या टाकतच असते आणि ओडोमीटर हलत नाही.

सीएनजीवाल्यांनी अजून लवकर बघायचं. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थोडा जरी प्लग झिजला तरी गाडी आधी सीएनजीवर मिसिंग मारायला (मध्येच ठिणगी चुकून झटके द्यायला) लागते आणि पेट्रोलवर टाकली की ठीक चालते. असं होत असेल तर किटवाल्याकडे पळण्याआधी प्लग बघा.

बाकी लक्षणं ओळखीचीच आहेत, सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो, सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, चढाला पिकअप मिळत नाही, ॲव्हरेज पडतं. पण ही लक्षणं चोक झालेल्या एअर फिल्टरने पण येतात, म्हणून त्याच दिवशी फिल्टर पण काढून बघा, दोन-चार क्लिपांचं काम आहे.

प्लग विकत घेताना

दुकानात जाऊन "स्विफ्टचा प्लग द्या" एवढं बोलू नका. एकाच गाडीत वर्षाप्रमाणे इंजिन बदललेलं असतं. मॅन्युअलमधला प्लगचा कोड लिहून न्या.

कोड वाचता आला तर फसवणूक होत नाही. उदाहरण म्हणून एनजीके कंपनीचा बीकेआर६ई-११ घ्या. यात बीके म्हणजे १४ मिमीचे आटे आणि १६ ची गोटी, आर म्हणजे आत रेझिस्टर आहे (हा नसेल तर रेडिओत खरखर येते आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पण त्रास होतो), ६ म्हणजे हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी, आणि शेवटचं ११ म्हणजे गॅप १.१ मिमी. आता यातली गंमत बघा, एनजीकेमध्ये आकडा मोठा तसा प्लग थंड, आणि बॉशमध्ये बरोबर उलटं, आकडा मोठा तसा प्लग गरम. थंड-गरम म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर हेडला देतो ते. त्यामुळे "सहा नाही, सात घ्या, एकच आकडा इकडचा तिकडचा" असं दुकानदार म्हणाला तर नको म्हणा. फार थंड प्लग काजळी धरतो, फार गरम प्लग इंजिनमध्ये नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठकठक) करतो आणि पुढे पिस्टनवर येतं. आट्यांची लांबी चुकली तर त्याहून वाईट, लांब प्लग आत जाऊन पिस्टनला लागू शकतो.

जुने लोक अजून "मायकोचा प्लग" मागतात. मायको म्हणजे बंगळुरूची १९५१ सालची कंपनी, २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. दुकानदाराला कळतं बरोबर, तुम्ही गोंधळू नका.

नकली प्लगचा बाजार पण आहे. खोक्यावरची छपाई धुरकट, आट्यांना धार नाही, पांढऱ्या चिनीमातीवरची अक्षरं नखाने निघतात, आणि दर मात्र अर्धा, असलं दिसलं की परत द्या. सगळे प्लग एकदम बदला, एक-दोन नाही. आणि साध्या प्लगच्या गाडीत इरिडियम टाकून पिकअप वाढेल अशी आशा ठेवू नका, आयुष्य वाढतं फक्त. उलट कंपनीने इरिडियम दिला असेल तर तिथे साधा टाकून पैसे वाचवायला जाऊ नका.

सामान काय लागेल

स्पार्क प्लगची गोटी, आतून रबर किंवा चुंबक असलेली. बहुतेक नव्या गाड्यांना १६ ची, काहींना १४ ची, मारुती ८०० च्या काळातल्या जाड प्लगना २१ ची लागते. सोबत रॅचेट, सहा-आठ इंचाचं एक्स्टेन्शन, कॉइलच्या बोल्टसाठी दहाचा पाना (काही गाड्यांना आठचा). गॅप मोजायला फीलर गेज, मिळालं तर तारेचं. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) असला तर सोन्याहून पिवळं, पण नसला म्हणून काम अडत नाही, पद्धत पुढे सांगतो. एक वीतभर रबरी पाइपचा तुकडा, प्लगच्या टोकावर घट्ट बसेल असा. जुना टूथब्रश, रंगाचा दीड इंची ब्रश, सुती फडकी, मोबाइलचा टॉर्च. हवा मारायला सायकलचा पंप किंवा टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर चालतो, फुंकर मारू नका, सगळी धूळ तुमच्याच डोळ्यात जाते.

आता कामाला सुरुवात

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चावी खिशात. इंजिन पूर्ण गार पाहिजे, रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात बेस्ट. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग ओढला तर आटे सोबत घेऊन येतो, आणि रेडिएटरचा पंखा गाडी बंद असताना पण अचानक फिरू शकतो, दोन्हीसाठी गार इंजिन. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधा. घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जाईल, जाऊ द्या.

कामाआधी मोबाइलवर चार-पाच फोटो काढा, कुठली वायर कुठे, कुठला पाइप कशाखालून. नंतर हे फोटोच कामाला येतात.

कोरडी साफसफाई. वरचं प्लास्टिक कव्हर असेल तर ओढून काढा, बहुतेक नुसतं रबरी गुट्ट्यांवर दाबून बसवलेलं असतं. आता रंगाच्या ब्रशने वरून खाली धूळ झटका आणि मागोमाग हवा मारा. मग वायपरच्या खालच्या काळ्या जाळीकडे वळा, ही जागा सगळे विसरतात. दसऱ्याला गाडीला घातलेल्या झेंडूच्या हाराच्या पाकळ्या, गुलमोहराची बारीक पानं, पिंपळाची देठं, सगळं या जाळीतून आत जातं आणि पाणी जायची भोकं बुजतात, मग पावसाळ्यात पाणी साचून केबिनमध्ये किंवा थेट इंजिनवर टपकतं. हाताने सगळं उपसून काढा. पावसाळा संपल्या संपल्या काम करत असाल तर उंदराचा पण माग काढा, बॅटरीच्या मागे, इंजिन कव्हरखाली कापूस, सुतळी, बिस्किटाचे कागद सापडले तर आसपासची प्रत्येक वायर बोट फिरवून तपासा. कुरतडलेली वायर सापडली तर प्लगचं नंतर बघू, आधी ती.

शेवटी कॉइलभोवती टूथब्रश फिरवा आणि परत हवा मारा. इथे आळस केला तर पुढचं सगळं फुकट.

प्लग काढणे

एका वेळी एकच सिलेंडर. हा नियम पाळला की वायरींची अदलाबदल होतच नाही. जुन्या प्लग वायरींच्या गाडीत तर हे फारच महत्त्वाचं, दोन वायरी उलट्या लागल्या की गाडी फटाके फोडते.

कॉइलचा कनेक्टर काढताना लॉक दाबा आणि कनेक्टरला धरून ओढा, वायरीला धरून नाही. जुन्या गाडीत ते प्लास्टिक उन्हाने कडक झालेलं असतं, नखाने हळूच उचका, तुटलं तर क्लिपच जाते. दहाचा बोल्ट काढा, तो कुठेतरी बशीत ठेवा, इंजिनवर ठेवलेला बोल्ट हमखास आत पडतो. कॉइल अर्धी-अर्धी फेरी डावी उजवी फिरवून मग सरळ वर ओढा. प्लग वायर असेल तर तिचा रबरी बूट धरून तसंच.

कॉइल निघाली की आत टॉर्च मारून बघा. धूळ किंवा वाळू दिसली तर आत्ता हवा मारा, प्लग अजून जागेवर आहे म्हणजे भोक बंद आहे, आत काही जाणार नाही. ऑइल साचलेलं दिसलं तर ते टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून उतरलेलं असतं. काडीला कापड गुंडाळून टिपून घ्या, आणि पॅकिंग बदलायचं काम यादीत लिहा, नाहीतर नवीन कॉइलचा बूट पण त्या ऑइलने फुगून मऊ पडेल.

गोटी आणि एक्स्टेन्शन सरळ आत सोडा, प्लगवर बसल्याचं हाताला कळतं. रॅचेट उलट्या दिशेला, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध. एक "टक्क" आवाज येऊन सुटतो, तिथून पुढे रॅचेट काढून ठेवा आणि नुसतं एक्स्टेन्शन बोटांनी फिरवा. करकर वाजत घट्टच येत असेल तर थांबा. भेदक तेलाचे (जाम आटे सोडवणाऱ्या पातळ तेलाचे) दोन-तीन थेंब, पंधरा-वीस मिनिटं वाट बघायची, मग पाव फेरी पुढे, पाव फेरी मागे असं खेळवत काढायचा. पाइप लावून पान्याची दांडी लांब करणं हा उपाय इथे नाही, प्लग मोडला तर टोक आत राहतं आणि मग हेड उतरवायची वेळ येते. सुटतच नसेल तर बिनधास्त मेकॅनिककडे जा, यात काही कमीपणा नाही.

प्लग वर घेताना गोटीत अडकला नाही तर तो रबरी पाइप टोकावर दाबून वर ओढा. काढलेले प्लग कागदावर सिलेंडरच्या क्रमाने मांडा, १, २, ३, ४. पुढच्या भागासाठी हा क्रम लागणार आहे.

जुना प्लग काय सांगतो

मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. इंजिनच्या आत काय चाललंय ते खोलल्याशिवाय दाखवणारी ही एकमेव जागा.

टोकाला फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर सगळं छान चाललंय. कोरडी काळी काजळी, बोटाला लागणारी, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, एअर फिल्टर चोक असेल, किंवा गाडी रोज दोन किमी शाळेपर्यंतच जाते आणि कधी नीट गरमच होत नाही. ओला, चकचकीत काळा चिकटा असेल तर ऑइल जळतंय, व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा, हा खर्च पुढे येणार आहे. टोक पांढरंफटक, फोड आल्यासारखं, म्हणजे जास्त तापतंय, प्लगची रेंज चुकली असेल किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, सीएनजीवर ट्यूनिंग बिघडलेल्या गाडीत हे दिसू शकतं. चार प्लगपैकी तीन छान आणि एकच काळा, असं असेल तर सगळ्या इंजिनला दोष देऊ नका, त्या एका सिलेंडरचा इंजेक्टर, कॉइल किंवा व्हॉल्व्ह बघायचा.

अजून एक खूण सांगतो. पांढऱ्या चिनीमातीवर, लोखंडी षटकोनाच्या जरा वर, तपकिरी कडं दिसतं. बघताक्षणी वाटतं की आतला धूर इथून लीक होतोय, गॅरेजमध्ये पण कुणीतरी तसं सांगून घाबरवतं. ते लीकेज नसतं. तिथे प्रचंड व्होल्टेज असतं, त्याने हवेतले तेलाचे बारीक कण ओढले जाऊन चिकटतात, याला कोरोना डाग म्हणतात, त्याने काही बिघडत नाही. पण त्याच चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ असेल तर ती वेगळी, तिथून करंट बाहेरून पळतोय, प्लगसोबत कॉइलचा बूट पण बदलावा लागेल.

स्प्लेंडरचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासायची सवय आपल्याकडे घराघरात आहे, ती कारला लावू नका. इरिडियमचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, घासलं की गेलं.

नवीन प्लग बसवणे

खोक्यातून काढून आधी गॅप मोजा. कोडमध्ये दिलेला असला तरी कुरिअरमध्ये आपटून बदलतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेला आकडा धरायचा, साधारण ०.७ ते १.१ मिमीच्या मध्ये काहीतरी असतो. साध्या प्लगचा गॅप कमी-जास्त करायचा तर फक्त बाहेरचं वाकडं टोक हलवा, मधल्या टोकावर जोर नाही. इरिडियमचा गॅप चुकीचा निघाला तर वाकवत बसू नका, दुकानात बदलून घ्या. आणि प्लग फरशीवर पडला तर तो गेला समजा, आतल्या चिनीमातीची चीर बाहेरून दिसत नाही.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनचा लेप) लावायचा मोह होतो. मोठ्या कंपन्यांच्या प्लगच्या आट्यांवर कोटिंग असतंच, वर ग्रीस लावलं की घर्षण कमी होऊन तोच पाना जास्त आवळतो आणि आटे ताणले जातात. कोरडाच बसवा.

आता रबरी पाइपचा खरा उपयोग. नवा प्लग पाइपच्या टोकाला खोचा, खड्ड्यात सोडा आणि पाइप दोन बोटांनी फिरवा. आधी अर्धी फेरी उलटी फिरवायची, आटे जुळतात तिथे प्लग किंचित खाली बसल्यासारखा होतो, मग सुलटा फिरवायचा. आटे बरोबर लागले तर प्लग गुळगुळीत आत जातो, वाकडे लागले तर पाइपच घसरतो, प्लग पुढे जातच नाही, म्हणजे चूक करायची सोयच ठेवलेली नाही. पान्याला एवढी अक्कल नसते, तो वाकडा प्लग पण आत घालतो. दोन-तीन फेऱ्यांतच अडला तर बाहेर काढा, पुसा, परत लावा. प्लग पूर्ण टेकेपर्यंत रॅचेटला हात लावायचा नाही.

टेकला की मग रॅचेट. टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलचा आकडा, १४ मिमी आट्यांच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०. रेंच नसेल तर वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धी ते पाऊण फेरीच्या जरा अलीकडे थांबायचं. वॉशर दबतानाचं ते घट्ट पण मऊ सरकणं हाताला कळतं, पाण्याच्या बाटलीचं नवं झाकण आवळताना शेवटी लागतं तसं, आणि मग एकदम कडक होतं, तिथे बस. तोच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेलं आहे, टेकल्यावर फक्त एक बाराव्या भागाची फेरी. ज्या प्लगला वॉशरच नाही, बूड निमुळतं आहे, त्याला तर एक सोळावा भाग पुरे. ढिला प्लग पण वाईट बरं का, त्याची उष्णता हेडला जात नाही आणि तो लालबुंद तापतो.

कॉइलचा बूट पुसा, फाटलाय का बघा, दाबून बसवा. दहाचा बोल्ट हलक्या हाताने, तो प्लास्टिकवर बसतो. कनेक्टर "टिक" वाजेपर्यंत. मग पुढचा सिलेंडर.

सगळे झाले की बॅटरीची वायर लावा, इंजिनवर पाना, फडकं काही राहिलं नाही ना बघा आणि स्टार्ट करा. पहिले काही सेकंद इंजिन जरा वेडंवाकडं वाजेल, मग बसेल. थरथर चालूच राहिली किंवा चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर लगेच बंद करा, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन ते भाजतं आणि तो पार्ट फार महाग आहे. बहुतेक वेळा एखादा कनेक्टर पूर्ण बसलेला नसतो. तरी नाही गेलं तर स्वस्त ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र) लावून कोड बघा, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलेंडरला मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याला. इंजिन बंद करून त्या सिलेंडरची कॉइल शेजारच्याशी बदला, कोड पण शेजारी सरकला तर कॉइल खराब, तिथेच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. गॅरेजमध्ये याच तपासणीचे पैसे लागतात.

पाण्याने साफ करणे

इथून पुढचं काम हौसेचं आहे. इंजिनवर धूळ असली म्हणून गाडी कमी पळत नाही. फायदा एवढाच की इंजिन स्वच्छ असलं की नवीन लीकेज लगेच दिसतं, मळक्या इंजिनवर ऑइलचा ताजा ओघळ कळतच नाही. म्हणून साफ करायच्या आधी आत्ता कुठे कुठे तेलकट आहे त्याचे फोटो काढून ठेवा.

सणाच्या आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरला रांग लावून इंजिनवर प्रेशरने पाणी मारून घेणारे बघितले की मला कसंतरीच होतं. तो फवारा कनेक्टरच्या रबरी सीलच्या आत पाणी घालतो, गाडी तिथून चालू होऊन निघते आणि पुढे कुठेतरी मिसिंग मारत बंद पडते. आणि रॉकेल, डिझेल, पेट्रोलने इंजिन पुसायची जुनी गॅरेजची पद्धत पण सोडा, रबरी पाइप फुगतात आणि आग लागायची भीती आहेच.

पद्धत साधी आहे. इंजिन गार किंवा जेमतेम कोमट, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूज बॉक्स, ईसीयू, एअर फिल्टरचं तोंड, कॉइल आणि सीएनजी असेल तर त्याचे इंजेक्टर आणि कनेक्टर, सगळ्यावर प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबर बँड. पाण्यात मिसळायचा डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं लिक्विड) बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करून स्प्रे बाटलीत भरा. थोडा भाग फवारा, ब्रशने घासा, ओल्या फडक्याने पुसा, मग पुढचा भाग. उन्हात हे करू नका, डिग्रीझर वाळला की प्लास्टिकवर पांढरे डाग पडतात ते जात नाहीत. फार ऑइल थापलेलं असेल तिथेच फक्त स्प्रे बाटलीने पाणी मारा, नळी नको. बेल्टवर डिग्रीझर नाही आणि नंतर लावतात ते चमकवायचं लिक्विड तर अजिबात नाही, बेल्ट घसरून चीं चीं ओरडायला लागतो. खाली जुनी गोणपाटं अंथरा, तेलकट पाणी सोसायटीच्या गटारात सोडू नका, गोणपाट वाळवून गॅरेजच्या तेलकट कचऱ्यात द्या.

पुसून झालं की पिशव्या काढा, परत हवा मारा, बोनेट उघडं ठेवून तास-दोन तास सुकू द्या. मग बॅटरी जोडून इंजिन दहा-पंधरा मिनिटं उभ्या जागी चालवा, बोनेट उघडंच, पण हे मोकळ्या जागेत, बंद गॅरेजमध्ये नाही. पंखा लागेपर्यंत थांबा, राहिलेला ओलावा त्या उष्णतेने जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट करायच्या आधी गाडीखाली वाकून बघा, फरशीवर नवा डाग आहे का, आणि बोनेट उघडून ऑइल आणि कुलंटची लेव्हल बघा. बोनेटच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर तारीख, किलोमीटर आणि प्लगचा कोड मार्करने लिहून ठेवा. काढलेल्यातला सगळ्यात बरा दिसणारा प्लग कागदात गुंडाळून डिकीत टाका, घाटात एखादा नवा प्लग दगावला तर घरी यायला तो पुरतो.